पक मोठा हवा

६ जानेवारी

पक मोठा हवा म्हणे! पक म्हणजे ती बर्फावरच्या हॉकीतली काळी रबरी चकती. ती पुरणपोळीएवढी करावी. काळी नको, भगवी करावी. मग खेळ बघायला मजा येईल!

जेवताना ह्यांचं हे भाषण. मला हसू आलं. हे हसले नाहीत.

पूर्वी एकदा टीव्हीवाल्यांनी पकभोवती निळी चमक दाखवायला सुरुवात केली होती, तेव्हा हाच माणूस संतापून उठला होता. 'हॉकी आहे की दिवाळी? ज्याला पक दिसत नाही त्यानं गोल्फ बघावं!' आणि आता स्वतःच भगवी चकती मागतायत.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. सगळ्या गोष्टींतून ह्यांचं मन उडत चाललंय. नोकरी संपली, बागकाम सोडलं, मित्र बाळबरोबरचा पत्त्यांचा ब्रिज सोडला. लेक ऋता लांब बेलव्ह्यूला, तिच्या मीटिंगांमध्ये. उरली होती हॉकी. मॅच असली की संध्याकाळी सातला घरात पाहुणे आल्यासारखं वाटतं. तीही नकोशी झाली तर ह्या घरात नुसत्या दोन खुर्च्या उरतील.

१० जानेवारी

आजची सुधारणा — खेळाडू कमी करा. तिघं-तिघं पुरेत. 'ह्या गर्दीत कोण काय करतंय कळत नाही. लोक कशाला येतील?'

१५ जानेवारी

आज कपड्यांवर राग. दोन्ही टीमचे कपडे सारखेच म्हणे! एक टीम पांढऱ्यात होती, दुसरी गडद निळ्यात. मी म्हटलं, "अहो, किती वेगळे आहेत." तर म्हणाले, "तुला वेगळे वाटतात. नवीन माणसाला कळणार नाहीत. मी नवीन माणसाच्या बाजूनं बोलतोय."

नवीन माणूस! मिनेसोटातल्या मिनियापोलिसला लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मला मॅचला नेलं होतं, तेव्हा नवीन मी होते. कांजीवरम साडी, तिच्यावर ह्यांचा जुना कोट, पायात दोन-दोन मोजे. शेजारची बाई साडीकडे बघत होती आणि मी बर्फाकडे. ह्यांना वाटलं होतं मी घाबरेन. पण नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये मी हॉकीत राइट विंगला खेळायचे. लाल मातीचं मैदान, कॅनव्हासचे पांढरे बूट, आणि रेघेबाहेरून सिस्टर फिलोमिना ओरडायच्या, "वीणा, डोन्ट ॲडमायर द बॉल, हिट इट!" दुसऱ्या पिरियडला, म्हणजे खेळाच्या दुसऱ्या भागात, मी खुर्चीवर उभी राहून ओरडत होते. हे थक्क. "तू तर खेळाडू निघालीस!" त्या दिवशी ह्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं, असं मला अजून वाटतं.

आता ती टीमही मिनेसोटात राहिली नाही आणि आम्हीही नाही. कॉम्प्युटर-चिप बनवणाऱ्या कंपनीनं ह्यांना बोलावलं, सांता क्लाराला आलो, इथल्या टीमचे झालो. सध्या ही टीम रोज हरते. पण हरण्याचा कंटाळा आला असं हे म्हणत नाहीत. म्हणतात, खेळच बघण्यासारखा राहिला नाही.

२२ जानेवारी

लिहवत नाही, पण कुणाला सांगू?

पहिला पिरियड संपला. खेळाडू आत गेले. बर्फ गुळगुळीत करायचं ते मोठं यंत्र मैदानात आलं आणि सावकाश चकरा मारायला लागलं. मी चहा टाकायला उठले होते. मागून ह्यांचा आवाज —

"बघ! एकटाच घेऊन चाललाय. कोणी अडवतसुद्धा नाही. आणि किती हळू! असला खेळ बघायला कोण तिकीट काढणार?"

मी वळून टीव्हीकडे बघितलं. मग ह्यांच्याकडे. मान जरा तिरकी, चेहऱ्यावर नेहमीचा वैताग.

मोठा पक. भगवा पक. कमी खेळाडू. वेगळे कपडे.

चहा उतू गेला.

२३ जानेवारी

रात्रभर आठवत राहिले. गाडी चालवताना मला विचारायचे, "सिग्नल पडला का गं?" "डावीकडून कोणी येतंय का बघ." मला वाटायचं, मला कंटाळा येऊ नये म्हणून बोलतायत! मला त्यात मजा वाटायची. परवाच एल कॅमिनोच्या रस्त्यावरून मला देवळात घेऊन गेले. शाळा सुटायची वेळ होती. मुलं रस्ता ओलांडत होती.

सकाळी विचारलं, "अहो, तुम्हाला दिसत नाहीये का?"

ते टोस्टला लोणी लावत होते. लोणी बशीला लागत होतं.

"मधलं दिसत नाही," म्हणाले. "कडेकडेचं दिसतं."

"कधीपासून?"

 हे उठले, गाडीची किल्ली आणून माझ्यासमोर ठेवली. तीही टेबलाच्या काठाशी ठेवली — खाली पडली.

४ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण मुलगी, मृदू बोलणारी. हे तिच्याकडे आधी येऊन गेलेत! मागच्या उन्हाळ्यात, मला हेअरकटला जातो सांगून. म्हणून तेव्हा केस तसेच होते.

डोळ्याच्या आतला पडदा मध्यभागी झिजलाय. गेलेलं परत येणार नाही. इंजेक्शननं वेग थोडा कमी होईल, कदाचित. "ही वोन्ट बी इन द डार्क," ती म्हणाली. अंधार नाही, फक्त ज्याच्याकडे बघाल तेच नेमकं नाही दिसणार.

म्हणजे मी. माझा चेहरा. मी समोर बसले की कान दिसत असतील, आणि पाठीमागची भिंत.

येताना मी गाडी चालवली. फ्रीवे टाळून, छोट्या रस्त्यांनी.   'सिग्नल पडला का' हेही ह्यांनी विचारलं नाही.

९ फेब्रुवारी

टीव्ही बंद. मॅच होती. दोघांनाही माहीत होतं.

१२ फेब्रुवारी

ऋताचा फोन. रडली थोडी, मग कामाला लागली — बापासारखीच. "आई, रेडिओवर कॉमेंटरी असते. ॲप आहे. आय विल सेट इट अप." लावून दिलं. ह्यांनी दहा मिनिटं ऐकलं. "हे दोघे आपसात गप्पा मारतात. पक कुठे आहे ते सांगत नाहीत." बंद केलं. मग हळूच म्हणाले, "रेडिओ आंधळ्यांसाठी असतो."

दिवसभर अंथरुणात. दाढी नाही. मी वरण-भात भरवू का विचारलं तर असं बघितलं — म्हणजे मान वळवली — की मी ताट परत नेलं.

माणूस असा हळूहळू निघून जातो का? आधी बागेतून, मग रस्त्यावरून, मग खुर्चीतून?

१८ फेब्रुवारी

आज मी टीव्ही लावला, आवाज बंद केला आणि दार उघडं ठेवून मोठ्यानं बोलायला लागले. मराठीत. एकटीच. वेड्यासारखी.

"तो उंच आहे ना, तो घेऊन चाललाय… गेला, गेला… अय्या, त्या दुसऱ्यानं ढकलून दिलं! आता काचेपाशी चौघं भांडतायत… पक कुठंय? पक कुठंय? हां, पायाखाली!"

आतून आवाज आला, "उंच म्हणजे कोण? नंबर सांग!"

"बावीस!"

"तो उंच नाहीये. स्केट्स घातले की सगळे उंचच!"

पाच मिनिटांनी हे खुर्चीत येऊन बसले होते.

२१ फेब्रुवारी

माझ्यावर टीका सुरू! गोलाजवळ आला की मी मातीवरच्या हॉकीसारखं 'डी'त आला म्हणते. "डी नसतो गं इथे, तुझं नागपूर नाही हे. निळी रेघ म्हण." मी फार वर्णन करते म्हणे. "त्याचा चेहरा कसा झालाय ते नको. पक!"

सिस्टर फिलोमिनांसारखंच. मी मनात हसले. किती दिवसांनी.

२७ फेब्रुवारी

टीम हरते. पुन्हा हरली. परवा हरली, त्याआधीही. आणि मीच ते तोंडानं सांगायचं! पूर्वी टीव्ही सांगायचा, मी स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. आता प्रत्येक गोल माझ्या तोंडून ह्यांच्यावर पडतो.

"लागला का?"

"हो."

"आपल्याला?"

"हो."

तिसऱ्या पिरियडला म्हणाले, "सगळंच चाललंय एकदम." टीमबद्दल बोलत नव्हते. जेवले नाहीत. पाठ करून झोपले. पाठ किती लहान झालीय.

४ मार्च

केलं. मी केलं ते.

शून्य-चार. पंधरा मिनिटं राहिलेली. ह्यांचे हात मांडीवर, तळवे वर, नुसते पडलेले. पडद्यावर आपला पोरगा एकटा सुटला, गोलरक्षकासमोर आला, मारला — गोलीनं अडवला.

मी म्हटलं, "गोल!"

हे एकदम सरळ झाले. "काय?"

"गोल! डाव्या कोपऱ्यातून, गोलीच्या खांद्यावरून!"

"खांद्यावरून!" टाळी वाजवली. माझा हात शोधला, दाबला. "बघ! पोरं आहेत अजून!"

हरवलं मी शेवटी. चार-एक. सगळं खोटं करायचा धीर झाला नाही. पण जेवताना दोन पोळ्या खाल्ल्या. तो गोल दोनदा सांगायला लावला.

शाळेत खोटं बोललेल्या मुलीला चॅपेलबाहेरच्या बाकावर बसवायचे. सगळ्या मुली समोरून जायच्या. मी कधी बसले नव्हते तिथे.

८ मार्च

आज जिंकवलं.

१५ मार्च

मला आता सवय झालीय, हे सर्वात वाईट. पडदा बघायचीही गरज राहिली नाही. नकली मॅच खरीपेक्षा चांगली होते! बावीस नंबरला मी पेनल्टीत, म्हणजे शिक्षेच्या बाकावर, बसवते, बाहेर आल्या आल्या गोल करायला लावते. मागून बरोबरी. ओव्हरटाइम. हे खुर्चीच्या काठावर. "अगं श्वास घे, घाई करू नकोस!"

दाढी करतात. पायऱ्या उतरून पत्रं आणतात. काल मला विचारलं, "साडी कुठल्या रंगाची?" मी गाऊनमध्ये होते. "निळी," म्हटलं.

माझ्या तोंडून आता किती सहज निघतं सगळं! ज्या माणसानं मला खुर्चीवर उभी पाहून कौतुक केलं त्याच माणसाला मी फसवतेय. ते कुठल्या तरी सुंदर सीझनमध्ये राहतायत. मी एकटी इथे, हरणाऱ्या टीमबरोबर.

सीझन संपला की काय करू? ही टीम काही पुढच्या फेरीत जाणार नाही. तेव्हा काय सांगू?

३० मार्च

पाडवा. मैत्रीण सुचित्राकडे जेवण होतं, नेहमीची आमची म्हातारी मंडळी. सकाळी गुढी उभारली होती अंगणात. ह्यांना कडुलिंब-गूळ हातात दिला. सगळे म्हणाले, "पुरू, छान दिसतोयस!" मला किती बरं वाटलं.

मी श्रीखंड वाढत होते तेव्हा बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज — मोठा, जुन्यासारखा. कालच्या मॅचचं वर्णन. ओव्हरटाइम, बावीस नंबर, खांद्यावरून.

आणि मग बाळ. सुचित्राचा नवरा, ह्यांच्या कंपनीतला जुना मित्र, मनानं अगदी चांगला, पण जिभेला लगाम नाही. हॉकीशी त्याचा कधी संबंध नाही, क्रिकेटवाला. म्हणून मी निर्धास्त होते.

"अरे पुरू, काल जावयानं मला नेलं होतं मॅचला! मी तिथे होतो! पाच गोलांनी हरले रे, लोक शेवटी उठून पार्किंगकडे पळाले. तू कुठल्या चॅनेलवर बघितलीस? आम्हालाही सांग, मंगळावर आहे का ते?"

सगळे हसले. मग हळूहळू हसायचे थांबले.

मी दारात होते. हातात श्रीखंडाचं भांडं. बोल वीणा. बोल आत्ता. मीच सांगितलं म्हण. मी चमच्यानं श्रीखंडच ढवळत राहिले.

हे माझ्या दिशेला वळले. मान तिरकी करून, कडेनं. मग बाळला म्हणाले, "हो रे. माझीच काहीतरी गडबड. वय झालं, काय करणार."

स्वयंपाकघरात सुचित्रानं माझा दंड धरला. "रागावू नकोस, पण मेमरीची टेस्ट करून घे गं. माझ्या दिरांचं असंच सुरू झालं. आधी अशाच गोष्टी सांगायचे, न घडलेल्या."

 येताना गाडी मी रडत चालवत होते. ह्यांना दिसलं नसणार.

१ एप्रिल

ऋता. "आई, सुचित्रा मावशीनं फोन केला होता. हाउ लाँग हॅज धिस बीन गोइंग ऑन? यू डिडन्ट टेल मी!"

"तसं काही नाही गं—"

"आई, बाबांनी अख्खी मॅच इमॅजिन केली. दॅट्स नॉट नॉर्मल." मग आवाज मऊ. "मी अठराची न्यूरॉलॉजीची अपॉइंटमेंट घेतलीय. मी फ्लाय करतेय. अँड लिसन, इथे बेलव्ह्यूला एक मेमरी केअर होम आहे, विसरणाऱ्या माणसांसाठी. छान आहे. गार्डन आहे. तू माझ्याकडे राहा, रोज बाबांना भेटायला जाता येईल."

स्पीकरवर होता फोन. हे समोर बसले होते.

"घेतलीस ना अपॉइंटमेंट?" हे म्हणाले. "मग जाऊन येऊ आपण."

इतक्या साध्या आवाजात! भांडले नाहीत. ओरडले नाहीत. म्हणजे ह्यांनाही पटलंय. डोळे गेले ते ह्यांनी गिळलं, कारण डोकं शाबूत होतं. आता वाटतंय की डोकंही गेलं. आणि ते मी घेतलं. मी!

५ एप्रिल

सांगायचं ठरवलं. चहा घेऊन समोर बसले. "अहो, त्या मॅचचं जे—"

"आज कोणाशी आहे?" मधेच विचारलं.

"अहो, ऐका तरी—"

"सातला ना? थर्मास भर."

मी उठून थर्मास भरला. भित्री कुठली.

मॅच खरी सांगितली. हरली. एकही खोटा गोल घातला नाही मी. हे शांत बसून ऐकत राहिले. शेवटी नुसतं "बरं" म्हणाले.

११ एप्रिल

रात्री अंधारात ह्यांना पुटपुटताना ऐकलं. आकडे. गोल, तारखा, कोण जिंकलं. एकेक करून मोजत होते. शेवटी थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

स्वतःची परीक्षा घेतायत. आठवतंय का बघतायत. मी डोळे मिटून पडून राहिले. देवा, एवढी शिक्षा ह्यांना कशाला? बाकावर मला बसव ना.

१४ एप्रिल

ऋताला खरं लिहून पाठवायला बसले. तीनदा खोडलं. 'तुझे बाबा विसरत नाहीत, तुझी आई खोटं बोलते.' पाठवलं असतं तर ह्यांचं डोकं वाचलं असतं. पण मग आमची मॅच संपली असती. आणि ह्यांना कळलं असतं की ज्या आनंदानं ते महिनाभर जगले तो बायकोनं दया म्हणून वाढलेला होता. कुठलं जास्त वाईट — वेडा ठरणं की केविलवाणा?

पाठवलं नाही. परवा शेवटची मॅच. त्यानंतर डॉक्टर. मला जेवण जात नाही.

१७ एप्रिल

सीझन काल संपला. ऋता रात्रीच्या विमानानं येतेय. उद्या डॉक्टर.

दिवेलागणीला हे खुर्चीत येऊन बसले. टीव्ही बंदच. "वीणा, बस. सुरू कर."

"अहो, संपला सीझन. मॅच नाहीये आज."

"माहीत आहे. मी हिशेब केला रात्री बसून. तू जिंकवलेल्या सगळ्या मॅच खऱ्या असत्या तर आज आपण पहिल्या नंबरावर असतो!"

 म्हणजे पाडव्यालाही ह्यांना माहीत होतं—

"उद्या त्या डॉक्टरकडे मी होतो पास, काळजी करू नकोस. बाळला वाटू दे काय वाटायचंय ते. तू मात्र कुणाला काही सांगू नकोस. नाहीतर मॅच बंद पडायची आपली." खुर्ची माझ्याकडे ओढली. "आज आपल्या पोरांना हरव. सारखं जिंकून मजा गेलीय. पण शेवटच्या मिनिटापर्यंत मला कळू देऊ नकोस."